बाबासाहेबांचे टेबल आणि आमची पिशवी

आमच्या खांद्यावरच्या पिशवीत चार फायली असतात. कर्जतच्या कोर्टात, खालापूरच्या तहसील कचेरीत, लोकलच्या डब्यात, विहारातल्या बैठकीत, सगळीकडे ही पिशवी आमच्याबरोबर फिरते. पहिल्या फायलीत अॅट्रॉसिटी कायद्यावर कार्यकर्त्यांसाठी लिहायला घेतलेले पुस्तक आहे. दुसरीत महार वतनाच्या जमिनींवरचे. तिसरीत कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतल्या आंबेडकरी चळवळीचा इतिहास, म्हणजे वयोवृद्ध माणसांच्या तोंडून उतरवून घेतलेल्या आठवणी. चौथीत नव्याने पालि शिकणाऱ्यांसाठी काढलेली टिपणे. ही चारही पुस्तके आम्ही ‘लिहीत आहोत’. सर्वांत जुने बारा वर्षांपासून लिहीत आहोत. एकही पूर्ण झालेले नाही.

कोणी विचारले तर आमचे उत्तर तयार असे. ‘अहो, बाबासाहेब तरी कुठे एक पुस्तक संपवून मग दुसरे हातात घेत होते? त्यांच्या टेबलावर एका वेळी पाच-पाच हस्तलिखिते असत!’ हे उत्तर आम्ही इतक्या वेळा दिले की आम्हालाच ते खरे वाटू लागले. समोरचा माणूस गप्प बसे. बाबासाहेबांचे नाव पुढे केल्यावर आपल्या माणसाने बोलायचे तरी काय?

एक माणूस मात्र बोलला. रेल्वेत गँगमन म्हणून आयुष्य घालवलेले, ऐंशी ओलांडलेले आमच्या भागातले एक बाबा. ७ डिसेंबर १९५६ रोजी वडिलांचा हात धरून कर्जत स्टेशनातून गाडीत चढलेला आणि दादरच्या त्या जनसागरात शिरलेला पंधरा वर्षांचा मुलगा म्हणजे हे बाबा. आम्ही दोन रविवार त्यांच्याजवळ बसून लिहून घेतले होते. तिसऱ्या बैठकीचे पुढे ढकलत होतो. ते म्हणाले, “वकील, बाबासाहेबांचं मला नका सांगू. माझी वही कधी पुरी होणार तेवढं सांगा.”

वाचक बंधू-भगिनींनो, त्या प्रश्नाने आम्हाला आमचे उत्तर तपासून बघायला लावले. वकील माणूस दुसऱ्याचा पुरावा तपासतो, स्वतःचा तपासायचे विसरतो. बाबासाहेबांच्या टेबलावर अनेक हस्तलिखिते होती ही गोष्ट खरीच आहे. परंतु त्या टेबलावर नेमके काय चालले होते, हे आम्ही कधी नीट पाहिलेच नव्हते.

१९१६ साली बाबासाहेब अमेरिकेतून लंडनला पोहोचले तेव्हा त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही घातले. कोलंबिया विद्यापीठाच्या पीएच.डी.चे काम त्यांच्या पाठीशी होतेच. म्हणजे तीन मोठी कामे एकाच वेळी उघडी. त्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली परत यावे लागले. पुस्तके असलेले सामान वेगळ्या बोटीने निघाले होते, ती बोट महायुद्धात बुडाली. आपल्यापैकी एखादा तिथेच थांबला असता आणि त्याला कोणी दोषही दिला नसता. बाबासाहेब पैसे जमवून १९२० साली पुन्हा लंडनला गेले. १९२२ साली बॅरिस्टर झाले. ‘रुपयाचा प्रश्न’ हा प्रबंध परीक्षकांनी सुधारून मागितला, तो त्यांनी मुंबईत बसून सुधारला आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळवली. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा कोलंबियाचा प्रबंध १९२५ साली पुस्तकरूपाने छापून झाला, त्याच्या प्रती विद्यापीठाला पोहोचल्या, तेव्हा १९२७ साली पीएच.डी. हातात आली. कामे एकाच वेळी उघडी होती हे आम्ही सांगत होतो. प्रत्येकाचा शेवट वेगवेगळ्या वर्षी, एकामागून एक, ओढून आणलेला आहे, हे सांगत नव्हतो.

पुढेही तेच दिसते. मार्च १९४० मध्ये लाहोरला पाकिस्तानचा ठराव झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बाबासाहेबांचे पाकिस्तानवरचे जाडजूड पुस्तक तयार होते. १९४२ ते १९४६ ते व्हॉइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. खाण कामगार, भविष्यनिर्वाह, पाटबंधारे, वीज असा पसारा. याच काळात १९४३ साली ‘रानडे, गांधी आणि जिना’, १९४५ साली काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांचे काय केले हा जाब विचारणारा ग्रंथ, आणि पद सुटता सुटता १९४६ साली ‘शूद्र पूर्वी कोण होते?’. यातल्या बहुतेक पुस्तकांच्या पाठीमागे एखादी तारीख उभी आहे. कुठे भाषणाचा दिवस ठरलेला, कुठे सत्तांतराची बोलणी तोंडावर आलेली. पुस्तक उशिरा आले तर समाजाचे नुकसान होणार, हे त्यांना दिसत होते.

आम्हाला सर्वांत जास्त शरमेने मान खाली घालायला लावली ती ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीच्या छोट्याशा प्रस्तावनेने. ही आवृत्ती १९४४ ची. बाबासाहेबांच्या मनात हे पुस्तक नव्याने बांधायचे होते. १९१७ साली प्रसिद्ध झालेला ‘भारतातील जाती’ हा आपला निबंध त्यात मिसळून एक सलग ग्रंथ करायचा होता. परंतु वेळ मिळाला नाही, पुढे मिळेल असेही दिसत नाही आणि लोकांची मागणी तर सारखी आहे, तेव्हा दुसरी आवृत्ती आहे तशीच पुन्हा छापतो, असे ते सरळ सांगून मोकळे झाले. एवढा मोठा विद्वान आपल्या मनातला परिपूर्ण ग्रंथ बाजूला ठेवतो, कारण वाचक दारात उभा आहे. आणि आमच्यासारखा तालुक्याचा वकील म्हणतो, अजून दोन प्रकरणे सुधारायची आहेत!

आता शेवटची पाच वर्षे पाहू, कारण आमची सबब याच वर्षांवर उभी होती. १९५१ मध्ये हिंदू कोड बिलावरून राजीनामा. १९५२ ची निवडणूक, १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक, रंगूनची परिषद, १९५५ साली भारतीय बौद्ध महासभा. प्रकृती ढासळलेली. आणि टेबलावर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’, ‘रिडल्स इन हिंदुइझम’, ‘प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती’, ‘बुद्ध आणि कार्ल मार्क्स’. शिवाय ‘भारत आणि साम्यवाद’ या पुस्तकाचा आराखडा व काही प्रकरणे, आणि ‘मी हिंदू होऊ शकतो का?’ या नावाने सुरू केलेली पाने. भाषावार राज्यांवरचे पुस्तक तर याच धामधुमीत १९५५ साली छापून बाहेरही पडले. म्हणजे पाच हस्तलिखिते हा आमचा आकडा कमीच होता.

परंतु ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’साठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेब काय सांगतात? हे पुस्तक तीन पुस्तकांच्या संचातले एक आहे. बाकीची दोन, मार्क्सवरचे आणि क्रांती-प्रतिक्रांतीवरचे, भागाभागाने लिहून झाली आहेत. तिन्ही पुस्तके मिळून बौद्ध धम्म नीट कळेल, असे त्यांना वाटत होते. तरीही तिन्ही एकदम पुरी करायला ते बसले नाहीत. शरीर साथ देत नाही हे ओळखून त्यांनी एक निवडले. लाखो माणसे धम्मात येणार होती. त्यांच्या हातात जे पुस्तक द्यायचे, ते निवडले. सप्टेंबर १९५६ मध्ये पंडित नेहरूंना पत्र लिहून, छपाईचा खर्च आपल्या आवाक्याबाहेर आहे, सरकारने पाचशे प्रती घ्याव्यात, असे त्यांनी कळवले. नेहरूंनी ते जमणार नसल्याचे उत्तर दिले. देशाला संविधान देणाऱ्या माणसाला पाचशे प्रतींसाठी शब्द टाकावा लागला, यावर स्वतंत्र लेख होईल. आज एवढेच सांगायचे, की पुस्तक पुरे करणे म्हणजे नुसते लिहून संपवणे नव्हे, हेही त्यांनी अंगावर घेतले होते. ५ डिसेंबरच्या रात्री त्यांनी नानकचंद रत्तूंकडून जे कागद मागून घेतले, त्यात याच पुस्तकाची प्रस्तावना होती. पुस्तक १९५७ साली बाहेर आले. ती प्रस्तावना मात्र पहिल्या आवृत्तीत छापलीच गेली नाही.

मग बाकीची अपुरी पुस्तके वाया गेली का? नाही गेली, आणि इथेच आमच्या पिशवीचा आणि त्या टेबलाचा खरा फरक आहे. रत्तू दिवसभर सरकारी नोकरी करून संध्याकाळी बाबासाहेबांकडे टंकलेखनाला येत. ‘रिडल्स’च्या चार-चार प्रती कशाला, असे त्यांनी विचारले, तेव्हा बाबासाहेबांनी सांगितलेले कारण रत्तूंनी नोंदवून ठेवले आहे. आपला स्वतःचा छापखाना नाही, पुस्तक दुसऱ्याच्या छापखान्यात द्यावे लागणार, तिथे प्रत हरवली, जळली, नष्ट केली गेली तरी दुसऱ्या प्रती हाताशी राहाव्यात! अर्धवट पुस्तकांचीसुद्धा प्रकरणवारी होती, आराखडे होते, दुरुस्त्या होत्या. त्यामुळे बाबासाहेबांच्या परिनिर्वाणानंतर ती हस्तलिखिते पेट्यांमध्ये बंद होऊन वर्षानुवर्षे दिल्लीत न्यायालयीन ताब्यात पडून राहिली, तरी वसंत मून यांच्यासारख्या माणसाला ती पाने जुळवता आली. १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने खंड काढायला सुरुवात केली. १९८७ साली तिसऱ्या खंडात ‘क्रांती आणि प्रतिक्रांती’ आले, चौथ्यात ‘रिडल्स’ आले. त्यावरून महाराष्ट्रात काय रान उठवले गेले आणि १९८८ साली मुंबईत आपला समाज रस्त्यावर कसा उतरला, हे जुन्या कार्यकर्त्यांना आम्ही सांगायला नको.

आमची पिशवी उद्या लोकलमध्ये राहिली तर कोणत्या मूनना त्यातून काय जुळवता येईल? कोर्टाच्या तारखांच्या पाठीवर लिहिलेली टिपणे, नावाशिवायचे फोन नंबर, ‘हे विचारणे’ अशा समासातल्या खुणा. काय विचारणे, ते आम्हालाच आठवत नाही.

आपल्या रायगड जिल्ह्यातलेच एक उदाहरण पाहा. दासगावचे कॉम्रेड आर. बी. मोरे. १९२७ च्या महाड परिषदेची उभारणी ज्यांनी केली, त्यांत हे नाव पहिल्या रांगेतले. पुढे ते कम्युनिस्ट पक्षात गेले, कामगारांत राबले, ‘जीवनमार्ग’ काढले. महाडच्या आधी गावोगाव काय घडत होते, हे आतून सांगू शकणारा त्यांच्याइतका माहीतगार माणूस दुसरा कोण? त्यांनी आत्मकथा लिहायला घेतली आणि ती अर्धीच राहिली. १९७२ साली ते गेले. पुढची कथा त्यांचे चिरंजीव सत्येंद्र मोरे यांनी लिहून पुरी केली आणि २००३ साली पुस्तक आले. इंग्रजी वाचणाऱ्या जगाला ते २०१९ साली मिळाले. मुलाने केले म्हणून आपल्याला मिळाले. परंतु उरलेली वर्षे मोरे यांनी स्वतःच्या शब्दांत सांगितली असती, तर ते वेगळेच झाले असते.

चांगदेव खैरमोडे यांनी उलट बाजूने आयुष्य वाहिले. एकच काम, बाबासाहेबांचे चरित्र. पहिला खंड १९५२ चा. १९७१ साली खैरमोडे गेले तेव्हाही काम संपलेले नव्हते. द्वारकाबाईंनी उरलेले खंड बाहेर काढले. म्हणजे एकच पुस्तक हाती धरले की ते पुरे होतेच, असेही नाही. धनंजय कीर महानगरपालिकेतली नोकरी सांभाळून एकामागून एक चरित्रे पुरी करत गेले आणि १९५४ साली, बाबासाहेबांच्या हयातीतच, त्यांचे चरित्र वाचकांच्या हातात दिले. खैरमोड्यांइतका तपशील कीरांत नाही. पण आमच्या वडिलांच्या पिढीने बाबासाहेब वाचले ते आधी कीरांच्या पुस्तकातून, हे नाकारता येत नाही. आणि महात्मा फुले? १८८८ साली पक्षाघाताने उजवा हात गेला, डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून काढले. ते छापलेले पाहायला जोतीराव राहिले नाहीत, १८९१ साली यशवंतरावांनी ते प्रसिद्ध केले.

प्रस्थापितांच्या लेखकाला विद्यापीठ असते, पगारी रजा असते, टिपणे काढून देणारा साहाय्यक असतो. आपला लेखक रात्री अकरानंतर लेखक होतो. सकाळी तो वकील, मास्तर, क्लार्क, रेल्वे कामगार असतो. संध्याकाळी कुणाचा जातीचा दाखला अडला म्हणून धावतो, रविवारी विहारात प्रवचन. त्यामुळे एक काम अडले की दुसरे उघडायचे, ही सवय त्याला लागते. आणि खरे सांगतो, त्यात सुखही असते. नवी फाईल उघडली की आपण लिहीत आहोत असे वाटत राहते. जुनी फाईल संपवायची म्हणजे तिच्यात काय चुकले आहे, ते पाहावे लागते.

अॅट्रॉसिटी कायद्याच्या पुस्तकाचे काय झाले, ते ऐका. मूळ कायदा १९८९ चा, नियम १९९५ चे. आमची सहा प्रकरणे लिहून झाली आणि आम्ही वतनाच्या जमिनींकडे वळलो. २६ जानेवारी २०१६ पासून दुरुस्ती कायदा लागू झाला, नवे गुन्हे आले, सहाही प्रकरणे शिळी झाली. पुन्हा लिहिली. पुन्हा बाजूला ठेवली, कारण तेव्हा आठवणींची वही उघडली होती. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल आला, अटकेआधी परवानगी आणि प्राथमिक चौकशी. २ एप्रिलला भारत बंद झाला. ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ घातले, २०१९ मध्ये न्यायालयाने आपले ते निर्देश मागे घेतले, फेब्रुवारी २०२० मध्ये १८-अ वैध ठरले. आमचे जामिनाचे प्रकरण तीन वेळा बदलले. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि कलमांचे आकडेच पालटले. कायद्याचे पुस्तक हा भाजीसारखा माल आहे, पिशवीत ठेवून टिकत नाही. आणि आमच्याकडे येणाऱ्या मुलांना तीनशे पानांचे पुस्तक कधी हवेच नव्हते. ठाण्यात फिर्याद घेत नाहीत तर कलम ४ दाखवायचे, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा, पीडिताला मदत किती दिवसांत मिळायला हवी, एवढे सांगणारी खिशात मावणारी पुस्तिका त्यांना हवी होती.

वतनाचे तर याहून वाईट. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली आणि जमिनी नव्या शर्तीवर पुन्हा आपल्या माणसांच्या नावे झाल्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले असते, पण त्याचा अर्थ कोण सांगणार? आज आमच्या दोन्ही तालुक्यांत फार्महाऊसवाले आणि त्यांचे दलाल गावोगाव फिरत आहेत. विमानतळ झाला, रस्ते रुंद होत आहेत, ओढ्याकाठच्या खडकाळ तुकड्यालाही भाव आला आहे. साठेखत झाल्यावर, अंगठे उठल्यावर माणसे आमच्याकडे येतात. आमची वतनाची फाईल तेव्हाही पिशवीत होती.

बाबांची तिसरी बैठक राहिली ती अशीच. पहिल्या दोन बैठकांत दादरची गर्दी, परतीची गाडी, वडिलांचे रडणे, एवढे झाले होते. गावात परतल्यावर देव्हाऱ्याचे काय केले, मेलेली ढोरे ओढायची बंद केली तेव्हा गावाने काय केले, कोणाचे काम सुटले, कोण फितूर झाले, हे तिसऱ्या बैठकीत सांगणार होते. ते म्हणाले होते, हे नीट सांगावं लागेल, घाईत नको. आम्ही म्हणालो, पावसाळा झाल्यावर बसू. भातकापणीच्या आधीच बाबा गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी आम्हाला बोलायला उभे केले. आम्ही दादरपर्यंतच बोलू शकलो. पुढचे आमच्याकडे नव्हते.

पालिची फाईल आम्ही आता कपाटात ठेवली आहे. अडीच हजार वर्षे थांबलेली पालि आणखी पाच वर्षे थांबेल. शिवाय बाबासाहेबांचा पालि कोश आणि व्याकरण सोळाव्या खंडात आहेच, ज्याला घाई आहे त्याने ते उघडावे. कपाटात ठेवताना वर एक कागद लावला: काय झाले, काय राहिले, कोणती पुस्तके लागतील. वतनाची फाईल खालापूर कोर्टात नव्याने उभ्या राहणाऱ्या एका वकील ताईंना दिली. पुस्तकावर त्यांचेच नाव लागेल. द्यायला जड गेले, खोटे कशाला बोला. अॅट्रॉसिटीच्या पुस्तकातून चोवीस पाने कापून काढली, ती छपाईला गेली आहेत. राहिली आठवणींची वही. ती पुरी होईपर्यंत दुसरे काही उघडायचे नाही, असे विहारातल्या मुलांसमोर सांगितले आहे. मुले चावट आहेत, दर रविवारी पिशवी तपासतात.

यादी काढली तेव्हा त्या काळचे सांगू शकतील अशी अकरा माणसे दोन्ही तालुक्यांत आम्हाला माहीत होती. अकराही पुरुष. ही यादी घेऊन बाबांच्या घरी गेलो, त्यांच्या ओळखीचे आणखी कोणी राहिले का, ते विचारायला. आजी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी आमचे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “देव्हारा नदीत सोडला तो मी. हे तेव्हा लाइनीवर कामाला होते. मला कुणी विचारलंच नाही, वकील.”

लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा दीक्षा होऊन दोन वर्षे झाली होती आणि देव्हारा अजून जागेवर होता, इतके त्या दिवशी लिहून झाले. सासूबाई देव सोडायला तयार नव्हत्या, असे त्या म्हणाल्या, आणि मग दिवाबत्तीची वेळ झाली. पुढची बैठक येत्या रविवारी सकाळी नऊला आहे. त्या दिवशी कर्जतला कार्यक्रम आहे, तिथे आम्ही येणार नाही, हे संयोजकांनी कृपया लक्षात घ्यावे.